सगळ्या गावाचा भाचा

भावाच्या घरी बहीण दोनच दिवस शोभते, असं भाच्याची आई म्हणायची. एक नागपंचमीला आणि एक भाऊबीजेला. ती स्वतः मात्र भावाच्या घरी अठरा वर्षं राहिली. नवरा विहिरीच्या कामावर दरड अंगावर येऊन गेला, दिराने दुसऱ्याच महिन्यात वाट दाखवली, आणि ही सहा वर्षांचं पोर बोटाला धरून, डोक्यावर एक पितळी पातेलं घेऊन आमच्या गावाला, म्हणजे तिच्या माहेरी परत आली. भावाने नाही म्हटलं नाही. गोठ्याला लागून पडवी होती, तिथल्या कडब्याच्या पेंढ्या एका बाजूला सरकवून त्याने जागा करून दिली. बैलांच्या शिंगांचा आवाज आणि यांची झोप यांच्यामध्ये एक तट्ट्या होता, तेवढंच.

मामी वाईट नव्हती. पण घरात आधीच सात खाणारी तोंडं, आणि तिचा स्वभाव बोलून मोकळं होण्याचा. भाकरी वाढताना ती टोपल्याकडे बघायची आणि ते बघणं आईला दिसायचं. आई अर्ध्या भाकरीवर पाणी पिऊन उठायची. दिवसभर दुसऱ्यांच्या रानात खुरपायची आणि थंडीत गुऱ्हाळावर कामाला जायची. तिथेच दुसऱ्या हिवाळ्यात पोराचा पाय गेला. चुलवणातून काढलेली राख बाहेर पसरलेली होती. वरून गार दिसत होती, खाली निखारे होते. पोरगं आईकडे पळत निघालं आणि डावा पाय घोट्यापर्यंत त्या राखेत बसला. टाच वाचली. पाची बोटं गेली.

मी हे पाहिलेलं नाही, मी तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा असेन. मी पाहिला तो पुढचा माणूस. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या वडिलांना अंगठा उठवता यायचा आणि आजोबांना तोही उठवायची वेळ आली नव्हती. बी.ए. झालो याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण आमच्या गावाचं नाव पेपरात आलं ते माझ्यामुळे नाही, त्याच्यामुळे. म्हणून हे लिहितो.

त्याला सगळे भाचाच म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यात असेल. बहिणीचा पोरगा तो एका घरचा भाचा, पण आमच्याकडे तो गावाचाच धरतात, आणि यानेही ते नातं जरा जास्तच मनावर घेतलं होतं. गावातल्या प्रत्येक पुरुषाला तो मामा म्हणायचा. पाटलाला मामा, न्हाव्याला मामा, वर्गात बाकावर शेजारी बसणाऱ्यालाही मामा. मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून मी त्याचा मामा होतो.

"मामा, बाजूला व्हा, पाय पडंल," असं मी पाच वर्षांचा असताना त्याने मला म्हटलेलं आठवतं.

मोठेपणी मी एकदा विचारलं, "भाचे, मला कशाला मामा म्हणता? नुसतं नावानं हाका मारा की."

तो म्हणाला, "आन् मग तुमच्या गावात मी कोन?"

पुन्हा मी तो विषय काढला नाही. गावाबाहेर गेला की मात्र तो कुणालाही मामा म्हणत नसे. तिथे सगळे साहेब.

त्याची दुसरी तऱ्हा म्हणजे तो बसायचा नाही. पारावर सगळे बसले तरी हा उभा. उजव्या पायावर भार द्यायचा आणि डावा पाय उजव्याच्या मागे घ्यायचा, उन्हात बगळा उभा राहतो तसा. हे नुसतं सवयीचं नव्हतं. बसलं की पाय पुढे येतो आणि पुढे आला की दिसतो. लहानपणी मामाच्या पोरांनी त्याला 'बिनबोट्या' नाव ठेवलं होतं. तेव्हापासून त्या पायाला कायम एक फडकं गुंडाळलेलं असायचं, अगदी देवळात जातानासुद्धा. फडक्याच्या आतला पाय गावात कुणी पाहिला नव्हता. आईने पाहिला असेल, आणि नगरच्या मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरने.

त्या दवाखान्यात तो तीन महिने होता. तिथली सिस्टर आमच्याच भागातल्या ख्रिस्ती घरातली, अंगाने थोराड, बोलायला खडखडीत. जखम भरल्यावर तिने याला दवाखान्याच्या व्हरांड्यात चालायला शिकवलं. तिचं बोलणं तो जसंच्या तसं करून दाखवायचा, "टाच आधी टेकव. गुडघा सरळ. कंबर जाऊ दे तिकडं जाती तिकडं. बोटं न्हाईत म्हणून काय रडतो, बोटांवर चालतंय कोन?"

तसाच तो आयुष्यभर चालला. टाच आधी, गुडघा काठीसारखा ताठ, कंबर एकदा इकडे एकदा तिकडे. पळायला गेला की तोल डावीकडे जाऊन पडायचा, म्हणून पळणं त्याने सोडलंच. पण चालण्यात त्याला गाठणं अवघड. मी त्याच्यासोबत चाललो की मला पळावं लागायचं. बघणाऱ्याला मात्र आधी हसूच यायचं. पारावरून कुणीतरी म्हणायचंच, "कंबर बघा भाच्याची. तमाशात गेला आसता तर नाव काढलं आसतं."

"सुपारी द्या की मामा, इथंच नाचतो," असं तो न थांबता म्हणायचा आणि पुढे निघून जायचा.

अंतर तो भाकरीत मोजायचा. राहुरी दीड भाकर. कारखाना एक. नगर साडेतीन, वारा समोरून असला तर चार. एवढी वाट चालायला पोटात किती असलं पाहिजे, असा तो हिशेब. एसटीत तो सहसा चढला नाही. राहुरीच्या स्टँडवर आमच्या गावाची गाडी भरेपर्यंत उभी असायची, तेवढ्यात हा निघायचा. वाटेत गाडी प्रत्येक फाट्यावर थांबे, पिशव्या आणि कोंबड्या चढत-उतरत. गावाजवळ आलो की पुढे रस्त्याच्या कडेने याची कंबर हलताना दिसायची. कंडक्टर खिडकीतून डोकं काढून म्हणायचा, "भाचे, या की आत. सरकारी गाडीची अब्रू चाललीय."

"तुमी व्हा म्होरं, मी आलोच," असं म्हणून हा चालत राही, आणि पुढच्या फाट्यावर गाडी थांबली की पुन्हा पुढे.

त्याचं चालणं कामाला आलं ते कावडीत. आमच्या गावाच्या भैरवनाथाला चैत्रात गंगेचं पाणी घालतात. आमची गंगा म्हणजे गोदावरी. पुणतांब्याच्या घाटावर कळशा भरायच्या, तोंडाला फडकी बांधायची आणि कावड खांद्यावर घेऊन अनवाणी गावापर्यंत यायचं. खांदा बदलला तर चालतो, पण कावड जमिनीला टेकवायची नाही. आणि पळायचं नाही, पळालं की पाणी हिंदकळतं आणि देवाला कमी पडतं. घरटी एक माणूस जातो. हा पंधरा वर्षांचा असताना मामाचे गुडघे धरले, म्हणून याला पाठवलं, तेव्हा काहींनी कुरकुर केली. गावची कावड भाच्याच्या खांद्यावर कशी द्यायची? कावडीचा मान असलेल्या घरातले म्हातारबाबा होते. ते म्हणाले, "पानी देवाचं हाय. खांदा कुनाचा का आसंना."

त्या वर्षापासून तो दरवर्षी सगळ्यांच्या आधी पोचायचा. पण पहिला आला म्हणून गावात शिरता येत नाही. पहिल्या कावडीने वेशीवर थांबायचं, मागच्या सगळ्या येऊ द्यायच्या, आणि हलगीच्या तालावर सगळ्यांनी मिळून आत जायचं, अशी रीत आहे. तो थांबायचा. अर्धा दिवससुद्धा थांबायचा, कावड खांद्यावर तशीच. बायका वेशीपाशी येऊन म्हणायच्या, "भाचे, दमला आसशील." तो म्हणायचा, "दमायला काय झालं, उभाच तर हाय."

मी नगरला कॉलेजात गेलो आणि पहिल्या वर्षीच क्रीडांगणावर एक गोष्ट पाहिली. दोन पोरं मैदानाला फेऱ्या घालत होती, गुडघे ताठ, कंबर हलवत. मी म्हटलं, हे तर भाच्यासारखं चालतायत. खेळाचे सर म्हणाले, ही चालण्याची शर्यत असते, राज्याची असते, देशाची असते. मी म्हटलं, सर, माझ्या गावात एक माणूस आहे. ते हसले. गावातून आलेल्या प्रत्येक पोराच्या गावात एक माणूस असतो. पण त्यांनी मला नियमांचे चक्रमुद्रित कागद दिले. सगळे इंग्रजीत. मी डिक्शनरी घेऊन दोन दिवस बसलो आणि सगळे मराठीत उतरवून काढले. त्यावेळी मला त्या कामाची जी ऐट वाटली, तशी पुढे डिग्री घेतानाही वाटली नाही.

तेव्हा तो कारखान्यात हंगामी कामाला होता. बॉयलरपाशी उसाचा चोथा ओढायचा. हंगाम संपला की घरी. मी सायकलवरून कारखान्यावर गेलो आणि चोथ्याच्या ढिगाशेजारी उभं राहून कागद वाचून दाखवले.

"एक ना एक पाय कायम जमिनीला टेकलेला पाहिजे," मी वाचलं. "दोन्ही सुटले की चूक. पुढचा पाय टेकला की गुडघा सरळ पाहिजे."

"ह्ये तर सिस्टरबाईंनीच सांगितलंय."

"पळायचं नाही."

"पानी हिंदकळतंय," तो समजुतीने म्हणाला.

बातमी कारखान्याच्या चेअरमनपर्यंत गेली. चेअरमन तालेवार माणूस, कुस्तीचा शौकीन. चालण्याचीही शर्यत असते हे ऐकून त्यांना गंमत वाटली. त्यांनी त्याला ऑफिसात बोलावलं, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायला लावलं आणि चार लोकांसमोर म्हणाले, "राज्यात पहिला ये. तुला कायम करतो. कॉलनीत खोली देतो."

बाहेर आल्यावर तो कॉलनीतल्या खोल्यांच्या रांगेकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मामा, खोलीला दोन दारं आसत्यात का एक?"

"एकच असेल. का?"

"न्हाई, आईला सांगायचंय. पडवीला एकबी न्हाई."

त्या दिवसापासून त्याच्या चालण्याचं कारण बदललं. आईला मामाच्या पडवीतून काढायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात राहिलं. आईने आशा धरली नाही. मला म्हणाली, "त्येला पळता येत न्हाई. शर्यत जिंकंल कसा?" मी तिला नियम सांगितले. तिला पटलेलं दिसलं नाही.

जिल्ह्याची निवड नगरला झाली. दहा किलोमीटर, आणि एकच निवडायचा. मी आदल्या दिवशी त्याला पुन्हा सगळे नियम म्हणून दाखवायला लावले. त्याला पाठ होते. त्याने कॅनव्हासचे बूट घातले, डाव्या बुटाच्या पुढच्या रिकाम्या जागेत चिंध्या कोंबल्या. सुटल्यापासून तो पुढेच होता. दुसरा एक पोलीस हवालदार, तो निदान दोन शेतं मागे. मी सायकलवरून आडवाटेने मैदानावर जाऊन शेवटापाशी उभा राहिलो.

मैदानाच्या दारात कमान उभारली होती, बांबूची, आंब्याचे टहाळे आणि झेंडूच्या माळा लावलेली. कमानीखाली आडवी फीत. बाजूला हलगीवाले उभे होते, त्यांनी पहिला माणूस दिसल्याबरोबर हलगी धरली. भाचा कमानीपासून पाच पावलांवर आला आणि थांबला.

नुसता थांबला नाही. वळून मागे तोंड करून उभा राहिला, उजव्या पायावर भार देऊन.

पाहुणे, पंच, सगळे ओरडायला लागले. एक पंच जवळ जाऊन म्हणाला, "अहो, चला आत. संपवा."

"येऊ द्या की मागच्यांना."

"मागच्यांना कशाला?"

"मग काय एकटाच शिरू?"

मी दोरीच्या पलीकडे होतो. मी घसा फोडून सांगत होतो, पण हलगीपुढे माझं काय ऐकू जाणार. हवालदार आला, याच्याकडे एकदा चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि फीत तोडून आत गेला. मग भाचा त्याच्यामागून शांतपणे आत गेला. त्याला वाटलं, रीत झाली.

कळल्यावर तो मटकन खाली बसला. त्याला बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. हवालदार चांगला माणूस होता. पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "पाव्हणं, मला फुकट मिळालं ह्ये. म्होरल्या साली थांबू नका."

चूक माझी होती. सगळे नियम मी त्याला शिकवले होते. पण रेष ओलांडली की शर्यत संपते, आधी पोचणाऱ्याने आधी आत जायचं असतं, हे त्या कागदांत कुठेच नव्हतं. लिहिणाऱ्याला ते सांगायची गरज वाटली नसेल. मलाही वाटली नाही, आणि मी तर त्याच गावचा, त्याच वेशीतला. शिकलो आणि मला ती वेस दिसेनाशी झाली.

चेअरमन म्हणाले, "शर्यत हरणारे पुष्कळ बघितले. देऊन टाकणारा हा पहिलाच." खोलीचा विषय तिथे संपला. गावात तर उन्हाळाभर पुरेल एवढी करमणूक झाली. "काय भाचे, देव आला न्हाई व्हय न्यायला?" पारावरून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तो मान खाली घालून पुढे निघाला.

म्हातारबाबा तिथेच बसले होते. ते म्हणाले, "हसू नगा. थांबायला त्याला कुनी शिकवलं? आपुनच." मग त्यांनी त्याला जवळ बोलावलं. "ह्ये बघ, कावड देवाची आन् शर्यत सरकारची. देवाच्या दारात थांबावं. सरकारच्या दारात थांबू न्हाई, एकदा थांबलं की दिसभर थांबवत्यात."

तलाठ्याच्या दारात दिवस घालवलेली माणसं होती सगळी. सगळे मनापासून हसले, आणि तोही हसला.

मग दुष्काळ आला. कारखान्याचा हंगाम पुरता चाललाच नाही, ऊसच नव्हता. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. भाचाही तिथेच मातीच्या पाट्या वाहायचा. मजुरीसोबत तिथे सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठात गूळ घातलेली. मामाने एक बैल विकला, दुसरा चाराछावणीला नेऊन बांधला. गोठा रिकामा झाला, पण पडवी तेवढीच राहिली. घरात मामीचं बोलणं वाढलं होतं. दुष्काळात सगळ्यांचंच वाढलं होतं. एकदा ती आईला म्हणाली, "दोन मानसं कमी आसती तर सुकडी पुरली आसती." आईने हे कुणाला सांगितलं नाही. मला भाच्याने सांगितलं, तेही कामावरून परतताना, चालता चालता. "औंदा जिंकायला पायजे मामा," एवढंच तो पुढे म्हणाला.

तरी रोज पहाटे तो कामाच्या आधी चालायचा. सुकडी खाऊन चालायचं तर भाकरीचा हिशेब जमत नाही, अशी त्याची तक्रार होती. त्या हिवाळ्यात जिल्ह्याची निवड झाली. या वेळी तो फितीतून असा गेला की पलीकडच्या खुर्च्यांनाच जाऊन धडकला.

राज्याच्या स्पर्धा योगायोगाने आमच्याच नगरला भरल्या. वीस किलोमीटर. शहरातून निघून पुण्याच्या रस्त्याला लागायचं, केडगाव मागे टाकून पुढे जायचं, ठरल्या ठिकाणी वळून परत. होळी होऊन गेली होती आणि नऊ वाजताच डांबर मऊ पडायला लागलं होतं. गावातून एक ट्रकभर माणसं आली. आई आली नाही. कामावरची हजेरी बुडाली असती.

चेअरमन जीप घेऊन आले होते. चार लोकांसमोर दिलेला शब्द त्यांनी पुन्हा चार लोकांसमोर दिला.

रस्त्याच्या कडेने सायकल चालवायची परवानगी होती, पण खेळाडूला मदत करायची नाही, पाणीही द्यायचं नाही. मी मागोमाग होतो. केडगावपर्यंत सगळं ठीक. पुढे एक लष्करातला जवान, त्याच्या मागे भाचा. केडगाव सुटल्यावर पहिल्या पंचाने त्याला पांढरी झेंडी दाखवली. म्हणजे ताकीद. पुढे अर्ध्या मैलावर दुसऱ्या पंचाने दाखवली.

"तुमचा डावा पाय उचलला जातोय," दुसरा पंच म्हणाला. "आता लाल दाखवावी लागेल. लाल म्हणजे बाहेर."

"न्हाई साहेब, टेकतोय की."

"मला दिसतंय ना. बूट हवेत आहे."

बूट हवेतच होता. मला पाठीमागून स्पष्ट दिसत होतं काय होतंय ते. घामाने आतल्या चिंध्या सरकल्या होत्या आणि बुटाचं रिकामं टोक प्रत्येक पावलाला वर उसळत होतं. टाच जमिनीवर, टोक हवेत. लांबून बघणाऱ्याला अख्खा पाय उचललेला दिसणार. हे पंचाला कसं सांगायचं? मी बोललो असतो तरी ती मदत ठरली असती. बुटात पुढे बोटांऐवजी चिंध्या आहेत हे त्या रस्त्यावर फक्त त्याला आणि मला माहीत होतं.

तो थांबला. पुन्हा, असं मला वाटलं. मागचे दोघे त्याला ओलांडून गेले, मग तिसराही गेला.

त्याने उजव्या पायावर उभं राहून डावा बूट ओढून काढला. मग फडकं सोडलं. ते बरंच लांब होतं, सोडता सोडेना. शेवटी हिसका देऊन गाठ तोडली. मग दुसरा बूटही काढला आणि सगळं रस्त्याच्या कडेला टाकलं. पाय पंचाच्या पुढे केला.

"आता बगा साहेब. ह्येच्यावर चालतो. टेकतोय का न्हाई, नीट बगा."

पंचाने पाहिलं. उन्हात तो पाय पांढुरका दिसत होता, पुढे आखूड, कातडी ओढून शिवल्यासारखी. खाली वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, त्याने नुसतं मान हलवून जा असं सांगितलं. मग तो पंच शंभरेक पावलं त्याच्या बाजूने वाकूनच पळत गेला, डोळे त्या पायावर ठेवून. शेवटी सरळ उभा राहिला आणि दोन्ही झेंड्या गुंडाळून काखेत घेतल्या.

तापलेल्या डांबरावर अनवाणी, अकरा किलोमीटर बाकी.

वळसा घेऊन परत येताना रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामाची खडी फोडणाऱ्या बायका बसल्या होत्या. जाताना त्यांनी कंबर बघून तोंडाला पदर लावला होता. आता एकीने हातातला हातोडा खाली ठेवला. "आगं, त्येच्या पायाला बोटं न्हाईत," ती म्हणाली. हातोड्यांचा आवाज एकेक करत थांबला. मुकादम ओरडला, "काम बंद करायला सांगितलंय का कुनी?" आणि मग तोही बघत उभा राहिला. भाच्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याचं सगळं लक्ष पुढच्या पाठीवर होतं.

पहिल्याला त्याने वळणानंतर लगेच गाठलं, दुसऱ्याला केडगावच्या आधी. तिसरा केडगावात चहाच्या टपरीपाशी पोटात कळ येऊन बसला होता. राहिला जवान. तो सरावाचा होता, दमलेला नव्हता. शहराची घरं लागली तेव्हाही दोघांत पन्नास पावलं होती. मी सायकल सोडून पळत होतो, कारण गर्दी झाली होती. गावची माणसं ट्रकवर उभी होती, पण कुणी ओरडत नव्हतं. त्याचा पाय त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला होता. त्याचा सख्खा मामा ट्रकवर होता. त्याने फक्त टोपी काढून हातात घेतली.

एक किलोमीटर राहिला तेव्हा जवानाने मागे वळून पाहिलं. नंतर पेपरवाल्यांना तो म्हणाला की मागे चपचप असा आवाज येत होता, बुटाचा नव्हे, आणि त्याला राहवलं नाही. पाहिलं आणि त्याची लय तुटली. लय सावरायला गेला तर गुडघा वाकला, पांढरी झेंडी दिसली, म्हणून त्याने वेग कमी केला. भाच्याची लय तशीच. टाच, सरळ गुडघा, कंबर. मैदानाच्या दाराअलीकडे तो जवानाच्या बरोबरीला आला. आतल्या अर्ध्या फेरीत तो पुढे गेला, आणि फीत त्याच्या छातीला लागली तेव्हा जवान सात-आठ पावलं मागे होता.

दोन्ही तळवे सोलून निघाले होते. मी त्याला धरायला गेलो, तर म्हणाला, "मामा, हजेरी सुटायच्या आत आईला निरोप धाडा." बूट आणायला मी परत गेलो, ते कुणीतरी नेले होते. फडकं तिथेच पडलेलं होतं. मी ते उचललं नाही, आणि त्यानेही पुन्हा पायाला काही गुंडाळलं नाही.

चेअरमनने शब्द पाळला, म्हणजे पाळावाच लागला, कारण दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो होता आणि फोटोत पाय पुढे होता. पुढच्या वर्षी देशाच्या स्पर्धेत तो वीस किलोमीटरला पहिला आला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा आला. पण त्याला विचारलं तर तो नगरचीच शर्यत धरायचा. त्या शर्यतीनंतर तिसऱ्या महिन्यात तो कारखान्यात कायम झाला, कॉलनीत एका दाराची खोली मिळाली, आणि त्याची आई भावाच्या घरातून स्वतःच्या घरी राहायला गेली.